नऊ खांबांची एर्सिलिया

रोक्कावेर्नाच्या फोरममध्ये कुणी दगडावर बूड टेकलं रे टेकलं, की शिट्टी वाजायची. मग तो दगड देवळाच्या पायरीचा असो, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या नगरशेठाच्या पुतळ्याचा चौथरा असो. शिट्टी वाजायची आणि फाटकाजवळच्या पत्र्याच्या टपरीतून एर्सिलिया ओरडायची, "उठा! घरी खुर्च्या नाहीत का बसायला?" मिलानोचा वकील असो नाहीतर परदेशातला पंडित, सगळे ताडकन उठायचे. एकदा खुद्द बिशपसाहेब चढ चढून दमले आणि अंमळ टेकले. बाईनं त्यांनाही उठवलं. शिट्टी जरा हळू वाजवली, एवढाच काय तो मान.

तीस वर्षं ती या जुन्या रोमन चौकाची राखणदारीण होती. फरशीच्या सांध्यातलं गवत बोथट सुरीनं काढायची, सापाला काठी आणि पोराटोरांना जीभ दाखवायची. चौकातला दगड न् दगड तिला नावानिशी ठाऊक. एका गोष्टीशी मात्र तिचं हाडवैर होतं, आणि ती गोष्ट म्हणजे दक्षिणेकडचा बोर्ड.

चौकाच्या तीन बाजू जमिनीतून वर आलेल्या होत्या. एकीकडे देऊळ, एकीकडे दुकानं, एकीकडे न्यायसभेचा दालनवजा सांगाडा. चौथ्या बाजूला काहीच नव्हतं. तिथं बोर्ड होता: 'या बाजूस चौक मोकळा होता. येथून नागरिक दरीच्या रम्य दृश्याचा आनंद घेत असत.' आणि बोर्डाच्या मागं दोन माणसं उंच मातीचं टेकाड! दरी सोडा, पलीकडचं झाडसुद्धा दिसायचं नाही. पाहुणे बोर्ड वाचायचे, टेकाडाकडे बघायचे, मग एर्सिलियाकडे बघायचे.

"बाई, इथून दृश्य दिसायचं म्हणे?"

"बोर्डावर तसं लिहिलंय," ती म्हणायची. तीस वर्षांत एकदाही 'हो' म्हणाली नाही. पगार राखणीचा मिळतो, खोटं बोलण्याचा नाही, असं तिचं साधं गणित होतं.

आता हे टेकाड आलं कुठून, ते सांगायला हवं. टेकाडाच्या खाली एर्सिलियाच्या बापाचं वावर होतं. बापाचं नाव नाझारेनो. माणूस अबोल, पण डोळ्यांनी तिखट. त्या वावरात तो फावा लावायचा. फावा म्हणजे जाडजूड वालाच्या शेंगा. कोवळ्या असताना मेंढीच्या चीजबरोबर कच्च्या खायच्या. आमच्या डोंगरात पहिल्या मे रोजी ज्याच्या घरी फावा आणि चीज नाही, तो घरातून हाकललेलाच समजायचा. तर दर वर्षी एप्रिल संपता संपता नाझारेनोचं सगळं वावर हिरवंगार असायचं, आणि मधोमध एक पिवळा पट्टा, काठीसारखा सरळ. त्या पट्ट्यावर सारख्या अंतरावर गोल डाग. तिथली झाडं सगळ्यांत आधी वाळायची. नाझारेनो पोरीला खांद्यावर घेऊन मोजायला लावायचा. एक, दोन, तीन... बरोबर नऊ.

"खाली दगड असला की झाड तहानेनं मरतं," तो सांगायचा. "नऊ ठिकाणी मरतंय, म्हणजे खाली नऊ मोठे धोंडे आहेत. आणि धोंडे असे रांगेत स्वतःहून झोपत नाहीत, पोरी."

त्रेपन्न साली राजधानीहून एक प्रोफेसर आला आणि गावाखाली रोमन चौक खणायला लागला. खणलेली माती टाकायला जागा हवी. जवळची सपाट जागा एकच, नाझारेनोचं वावर. नाझारेनो टोपी हातात घेऊन प्रोफेसरसमोर उभा राहिला. "साहेब, माती दुसरीकडे टाका. तुम्ही शोधताय ते इथंच आहे. नऊ खांब आहेत खाली."

प्रोफेसर हसला. म्हणाला, "या भल्या माणसाला आपल्या शेंगा वाचवायच्या आहेत." मुकादम होता सेत्तिमियो, गावातलाच. तो प्रोफेसरपेक्षा मोठ्यानं हसला. "नऊ खांब? आणि दहावा तुझ्या डोक्यात रोवलाय वाटतं!" चाळीस मजूर खो खो हसले. झालं. त्या दिवसापासून नाझारेनोला गावानं नाव ठेवलं 'नऊखांब'. खोटं बोलून वावर राखायला निघालेला माणूस. आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते थडग्यापर्यंत सोबत करतं, आणि वारसांनाही मिळतं.

एर्सिलिया तेव्हा सोळा वर्षांची. बायकांना माती वाहायचं काम मिळालं होतं, डोक्यावर टोपली घेऊन. तीही त्यात होती. पहिली टोपली तिनं स्वतःच्या बापाच्या वावरात टाकली, फुलावर आलेल्या फाव्यावर. बाप बांधावर उभा होता. टोपली काही उलटेना.

"टाक, पोरी," नाझारेनो म्हणाला. "फक्त ध्यानात ठेव, कुठं टाकतेयस."

चौकाची चौथी बाजू काही सापडली नाही. सापडणार कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो कळसा रोज हजार टोपल्यांनी हेच लोक पुरत होते. शेवटी प्रोफेसरनं 'या बाजूस मोकळे दृश्य होते' असं लिहून पुस्तक मिटलं आणि तो निघून गेला. नाझारेनो त्यानंतर अठरा वर्षं जगला. दर पहिल्या मेच्या सकाळी त्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी फाव्याची नऊ रिकामी टरफलं रांगेत मांडून जायचं. तो झाडू घ्यायचा आणि झाडायचा. तो गेला तरी टरफलं यायचीच. मग एर्सिलिया झाडायची. गावाला ती गंमत होती. तिला ती गंमत कधीच वाटली नाही.

म्हणूनच ती राखणदारीण झाली. बापाच्या वावराजवळ कुणीतरी आपलं माणूस असावं म्हणून. लोकांना वाटलं, सरकारी नोकरी पकडली.

मग अठ्ठ्याण्णव साली दिलेत्ता आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, पुरातत्त्व खात्यातली पोरगी. तिनं बोर्ड वाचला, टेकाडाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "मावशी, तुम्हाला दिसते का हो इथून दरी?"

"तुला दिसते का?"

"छे. आणि टेकाड नसतं तरी, डोंगरातला हा बोचरा वारा अंगावर घेत कोण चौक बांधेल? मला तर वाटतं, इकडे आडोसा होता. छप्पर असेल, खांब असतील."

एर्सिलियानं हातातलं विणकाम खाली ठेवलं. "किती खांब?"

"ते कसं सांगू? खणल्याशिवाय कसं कळणार?"

"नऊ," एर्सिलिया म्हणाली. पंचेचाळीस वर्षांनी तो आकडा ती परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बोलली होती. मग तिनं सगळंच सांगितलं. दिलेत्ता हसली नाही. तिनं वही काढली.

खात्याकडून परवानगी मिळाली ती तीन आठवड्यांची, आणि टेकाडात एकच चर खणायची. चर कुठं घ्यायचा? एर्सिलियानं गोठ्यातून बापाची दोरी आणली. द्राक्षाच्या ओळी आखायची गाठींची दोरी, एक दोरी म्हणजे दहा पावलं. विहीर टेकाडाबाहेर होती, अजून जागेवर. "विहिरीच्या कठड्यापासून उत्तरेला चार दोऱ्या. तिथं पाचवा डाग. बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय." दिलेत्ताच्या शिकलेल्या पोरांनी दोरी धरली, विहिरीपासून निघाले, टेकाड चढले, आणि चार दोऱ्या भरल्या तिथं खुंटी ठोकली.

जेसीबी चालवायला आला ओरेस्ते. सेत्तिमियो मुकादमाचा मुलगा! आता साठीला टेकला होता, पण बापाचं हसणं तसंच्या तसं उचललेलं. "एर्सिलिया, दहावा निघाला तर मला देशील का गं? अंगणात लावीन."

"तुझ्या बापानं माती टाकली, आता तू काढ," ती म्हणाली. "एका पिढीत फेडतोयस, नशीबवान आहेस."

अडीच आठवडे माती निघाली. शेवटी जुनं वावर लागलं, काळीभोर माती. सगळे वाकून बघायला लागले. काळ्या मातीखाली पिवळी चिकण माती. तिच्याखालीही चिकण माती. पुरुषभर खाली गेले, दगडाचा खडासुद्धा नाही.

"खांब लाजले गं!" ओरेस्ते वरून ओरडला. "नव्या नवरीसारखे बसलेत आत!" संध्याकाळी बारमध्ये दुसरा विषयच नव्हता. पोस्टातल्या बाईनं एर्सिलियाला पाहून बोटांवर नऊ मोजून दाखवलं. दिलेत्ता तोंडावर चांगलं बोलली, "होतं असं, मावशी, आमच्या धंद्यात होतं." पण तिचाही चेहरा उतरला होता.

एर्सिलिया घरी गेली आणि स्वयंपाकघरात एप्रन न सोडताच बसून राहिली. हसणाऱ्यांचं तिला काही नव्हतं. त्याची सवय होती. दुसरंच काहीतरी आत कुरतडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, बाबा खरंच खोटं बोलले असतील तर? गरिबाचं वावर जात होतं. बोलले असतील एखादं खोटं, कुणी काय म्हणावं? पण मग पोरीला खांद्यावर घेऊन मोजायला लावलं, तेही खोटं? तिला बापाचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर बुजवायला फक्त तीन दिवस उरलेले. सून मिरेला शेवया करायला उभी राहिली. सातवा महिना होता तिचा. एप्रनचे बंद मागे नेते, ते काही जुळेनात.

"आई, हा एप्रन आटला की हो धुण्यात!"

"एप्रन नाही आटला, बये, मधे माझा नातू आलाय. पोटावरून जायचं म्हणजे दोरी कमी पडणा..."

एर्सिलिया थांबली. पिठाचे हात तसेच हवेत.

"आई? काय झालं?"

"मी मूर्ख आहे," एर्सिलिया म्हणाली. "आणि ती शिकलेली पोरं माझ्याहून मूर्ख आहेत. माझी टोपी दे!"

दिलेत्ता खानावळीत जेवायला बसली होती. एर्सिलियानं तिच्या ताटाशेजारचा पाव घेतला, त्यावर बापाची दोरी आडवी टाकली. "बघ. पावावरून गेली की दोरी कुठं संपते? आता पाव काढ. आता कुठं संपते?"

दिलेत्तानं दोनदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "टेकाड! आम्ही टेकाडाच्या चढावर दोरी अंथरली!"

"बाबांच्या वेळी सपाट होतं गं ते. द्राक्षाच्या उतारावर बाबा दोरी कधी जमिनीवर झोपवायचे नाहीत. काठ्या रोवून हवेत ताणायचे, पाण्यासारखी समतल. लहानपणापासून बघत आले. आणि ऐन वेळी विसरले." तिचे डोळे भरून आले. "का विसरले सांगू? मला तिथं टेकाड दिसतच नाही. माझ्या मनात ते वावर अजून सपाटच आहे."

सोमवारी पहाटे काठ्या रोवल्या, दोरी हवेत ताणली. चौथ्या दोरीची गाठ चराच्या पलीकडे गेली, अडीच पावलं. फक्त अडीच पावलं! एर्सिलिया ओरेस्तेच्या यंत्राशी जाऊन उभी राहिली. "इथं खण."

"खांब सरकले वाटतं रात्रीतून?"

"तू खण रे. बापानं तुला हसायलाच शिकवलं, की कामही शिकवलंय?"

ओरेस्तेनं दांडा ओढला. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी काळी माती लागली, आणि हातभर खाली यंत्राच्या दातांचा आवाज बदलला. खर्रर्र. दिलेत्ता किंचाळली, "थांब! थांबव!" ओरेस्तेनं यंत्र बंद केलं. मग सगळे खाली उतरले, खुरपी आणि ब्रश घेऊन. तासाभरात माती बाजूला झाली. पांढऱ्या दगडाची गोल बैठक, खांबाची. तिच्यावर हातभर उरलेला खांब. आणि पुढं फरशी, चौकाची फरशी, टेकाडाच्या पोटात गेलेली.

"मावशी, हे बघा," दिलेत्ता म्हणाली. उरलेल्या खांबाच्या माथ्यावर बारीक बारीक ओरखडे होते, एकमेकांना समांतर, सगळे एकाच दिशेचे. "नांगराचे आहेत. कुणीतरी वर्षानुवर्षं याच्यावरून नांगर फिरवलाय."

एर्सिलिया गुडघ्यांवर बसली. दर हिवाळ्याआधी बाबा नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडे जायचे, आणि आई ओरडायची, शेजाऱ्यांचा फाळ दहा वर्षं टिकतो, तुमचाच कसा दर वर्षी बोथटतो? बाबा म्हणायचे, 'खाली कुणीतरी राहतं, त्याला खाजवतो.' तिनं एका ओरखड्यावर बोट ठेवलं आणि टोकापर्यंत नेलं. मग ती मोकळेपणानं रडली, सगळ्यांदेखत. आणि रडता रडता हसली. "खोटं नव्हते बोलले," ती म्हणाली. "ऐकलंस, ओरेस्ते? माझे बाबा खोटं नव्हते बोलले."

ओरेस्ते टोपीशी चाळा करत राहिला. दिलेत्तानं वहीत त्या जागेचं नाव लिहिलं: 'नाझारेनोचं वावर'. खात्याच्या कागदांत आजही तेच नाव आहे.

हिवाळाभर परवानग्यांचे कागद फिरले. वसंतात सगळं टेकाड हलवलं गेलं. एकेक करत खांबांच्या बैठका वर आल्या. एप्रिलच्या अखेरीला त्या किती झाल्या म्हणता? आठ!

"आठ," गाव म्हणालं. "आठही काही कमी नाहीत हो, पण आठ." ओरेस्तेही म्हणाला, आता हसून नव्हे, समजुतीनं: "सोड गं, एर्सिलिया. एखादा म्हाताऱ्यानं पदरचा घातला असेल. कोण घालत नाही?"

"माझ्या बापानं पदरचं काही घातलेलं नाही. ना वावरात, ना बोलण्यात." तिनं दोरी काढली. बैठकीपासून बैठकीपर्यंत साडेतीन पावलं, सगळीकडे तेवढीच. आठवीपासून पुढं साडेतीन पावलं टाकत ती गेली, आणि तिसऱ्याच पावलाला तिचं नाक पत्र्यावर आपटलं. समोर तिची स्वतःची टपरी होती, जुन्या वावराच्या कडेला उभी.

ओरेस्तेनंच विचारलं, "तीस वर्षं... तू त्याच्यावर बसली होतीस?"

"माझी खुर्ची बाहेर काढ," एर्सिलिया म्हणाली. "विणकाम काढ. आणि पाड."

"टपरी? अगं, मग तू बसशील कुठं?"

"पाड म्हणते ना!"

टपरी पाडायला दहा मिनिटं लागली, खाली जायला दुपार. नववी बैठक सगळ्यांत सुंदर निघाली, एक ओरखडाही नाही. नांगर वळवताना नाझारेनोनं तेवढी जागा सोडली असावी. ओरेस्ते यंत्रावरून खाली उतरला. टोपी काढली. ओठातल्या ओठात म्हणाला, "नऊ."

"काय म्हणालास? मला नाही ऐकू आलं."

"नऊ गं बाई! नऊ!"

दोन दिवसांनी पहिला मे. सकाळी एर्सिलियानं सवयीनं झाडू हातात घेऊनच दार उघडलं. उंबरा स्वच्छ होता. पलीकडं ओरेस्ते उभा, हातात भरल्या शेंगांची टोपली. त्यानं टोपली पुढं केली. म्हणाला, "ती टरफलं... बरीच वर्षं मीच ठेवायचो. आधी माझे वडील ठेवायचे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मोजायला शिकलास, तेवढंच बरं झालं. चल."

सगळं गाव चौकात जमलं होतं. कुणी चीज आणलेलं, कुणी पाव, कुणी वाइन. रम्य दृश्याचा तो बोर्ड दोन ओंडक्यांवर आडवा टाकून त्याचं टेबल केलं होतं, अक्षरं खाली आणि शेंगा वर. लोक गवतावर बसले, चादरीवर बसले. दगडावर मात्र कुणी टेकेना. तीस वर्षांचा धाक अंगात मुरलेला.

एर्सिलिया सरळ नवव्या खांबाकडे गेली. गळ्यातली शिट्टी काढली आणि ओरेस्तेच्या हातात दिली. मग स्कर्ट नीट सावरला, आणि बापाच्या नवव्या खांबावर ऐसपैस बसली. एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला.

"वाजव आता," ती म्हणाली. "वाजव, हिंमत असेल तर."